अंगात आलं, अंकात आलं

पत्र

प्रिय ताई,

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर आम्ही चौघांनी मिळून एक झीन, म्हणजे स्वतःच छापून वाटायचा छोटा अंक, काढली. विषय होता वेगळे पंथ आणि गूढविद्या. आत २४ पानं, झेरॉक्स, मधोमध दोन पिना, किंमत २० रुपये. ६० प्रती काढल्या, ४३ संपल्या. अंकात महानुभावांची गुप्त लिपी, थिऑसॉफी हा गूढवादी पंथ काढणाऱ्या ब्लाव्हाट्स्कीबाई, अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कॉलेजातले ड्रुइड (प्राचीन युरोपातल्या पुजाऱ्यांच्या नावाने काढलेला पंथ), होस्टेलवरचं प्लँचेट आणि टॅरो हे भविष्य सांगायचे पत्ते असे लेख आहेत. एक लेख मी माझ्या आत्यावर लिहिला आहे. तिच्या अंगात देवी येते.

आता सगळेच चिडलेत. प्राचार्य म्हणतात, यापुढे प्रत्येक अंक आधी आम्हाला दाखवायचा, नाहीतर बंद करा. आमच्यातलाच एक जण अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. त्याचं म्हणणं, प्रत्येक लेखाखाली चौकट टाका की हे सगळं थोतांड आहे, नाहीतर माझं नाव काढा. चौथी मैत्रीण टॅरो आणि क्रिस्टल हीलिंग, म्हणजे स्फटिकाच्या दगडांनी उपचार, करते. मलपृष्ठावर तिची जाहिरात आहे आणि तिच्यामुळे छपाईचा अर्धा खर्च निघाला, त्यामुळे चौकट टाकली तर ती जाणार. दुसरा अंक काढावा का? आमच्यावर कायद्याने काही होऊ शकतं का?

ता. क. आत्या माझ्याशी बोलत नाही. कुणीतरी त्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. पण मी नाव बदललं होतं.

– एक संपादिका

उत्तर

अगं संपादिके,

अंक पोचला. तिकिटं कमी लावली होतीस, वरचे पैसे पोस्टमनने माझ्याकडून घेतले. पुढच्या वेळी वजन करून पाठव. सत्तरच्या दशकात आम्ही स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून असले अंक काढायचो, त्यांना अनियतकालिक म्हणायचे. तुम्ही झीन म्हणता. तेव्हा शाई कोपरापर्यंत लागायची, आता लागत नाही, एवढं सोडलं तर धंदा तोच. संपादक चार, वाचक चाळीस आणि शत्रू हां हां म्हणता दोनशे.

तू प्राचार्यांना वर बसवलंस आणि आत्याला ताजा कलमात. मी पत्र खालून वर वाचणार आहे. प्राचार्य आठ दिवस थांबले तर त्यांचं काही बिघडत नाही.

आधी एक सांगते. तुझं पत्र इथे छापायला तुझी परवानगी आहे, आत्याची नाही. म्हणून तिची ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय किंवा बदललंय. गाव, देवी, वार, तिच्या नवऱ्याची (तुझ्या मामांची) नोकरी, दारातलं झाड, सगळं. आता तुझ्या अंकाकडे बघ. नाव बदललंस, पण ओढ्यापलीकडचं घर ठेवलंस, दारातलं झाड ठेवलंस, मामांचा हुद्दा ठेवलास, देवीचं नाव आणि वारही ठेवलेस. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात माणूस ओळखायला नाव सगळ्यात शेवटी लागतं.

लेख चांगला आहे, आणि पंचाईत तीच आहे. एरवी मामांसमोर खुर्चीवर न बसणारी बाई मळवट भरून पाटावर बसली की त्यांना नावाने हाक मारते आणि तेच मामा वाकून तिच्या पायावर डोकं ठेवतात, हे तू चार ओळींत असं लिहिलंयस की मी पेन्सिल खाली ठेवली. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या सुनेच्या सासूला ती देवीच्या तोंडून कशी झापते, तापलेलं पोर घेऊन आलेल्याला अंगारा लावून वर ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने’ असं कसं दरडावते, नारळ आणि ओटीच्या तांदळांपलीकडे काही घेत नाही, हे सगळं तू पाहिलंस म्हणून लिहिता आलं. ऐकीव माहितीवर असं लिहिता येत नाही.

आणि मग तेराव्या पानावर ती शेवटची ओळ. माणसं पांगल्यावर, भांडी घासता घासता, तिने तुला सांगितलं की दर वेळी येतंच असं नाही. कधी काही येत नाही, पण माणसं लांबून आलेली असतात, मग ती आणते.

हे तिने भाचीला सांगितलं होतं. ४३ गिऱ्हाइकांना नव्हे.

तुझ्या लेखी तो लेखाचा शेवट होता. चांगला शेवट मिळाला की लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो, मलाही ठाऊक आहे. पण त्या ओळीचं गावात काय झालं असेल ते बघ. जी सासू झापून घेऊन गप्प बसली होती, तिच्या हातात आता कागद आहे. मामांना आता पाया पडायचं कारण उरलं नाही. आणि आत्याला आठवड्यातले दोन दिवस जो शब्द होता, तो तू काढून घेतलास. तुझा हेतू तसा नव्हता हे मला मान्य आहे. पण हेतू तिच्या काही उपयोगाचा नाही.

या बाबतीत तुला आपल्याकडची एक गोष्ट सांगते. तुमच्या अंकात ती असायलाच हवी होती. वेगळा पंथ शोधायला तुम्ही मिनेसोटापर्यंत गेलात आणि गिरगाव-ठाकूरद्वार राहून गेलं. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. देव एक, मूर्तिपूजा नाही, जात नाही. पण हे उघड म्हणायची सोय नव्हती. वाळीत टाकलं तर लग्नं मोडायची, मयताला चार खांदे मिळायचे नाहीत. म्हणून सभा गुप्त. आत येणाऱ्याने परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या माणसाच्या हातचा पाव खायचा आणि पाणी प्यायचं, की झाला सभासद. मंत्र नाही, तंत्र नाही, एक पाव. त्या काळात यापेक्षा अघोरी विधी दुसरा नव्हता असं म्हटलं तरी चालेल. दहा-अकरा वर्षं हे चाललं. मग १८६०च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. विचार खोटे ठरले म्हणून मोडली नाही, यादी फुटली म्हणून मोडली. पुढे १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला, त्यात दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग पुढे होते. म्हणजे बी टिकलं. पण मधल्या काळात ज्यांची नावं फुटली त्यांच्या घरी काय झालं असेल, याचा विचार मी अधूनमधून करते.

गूढ म्हणजे लपवलेलं. तुमच्या अंकाच्या संपादकीयात ‘आम्ही गूढावरचा पडदा दूर सारणार आहोत’ असं झोकात लिहिलंय. सगळीकडे पडदाच नसतो गं. काही ठिकाणी आडोसा असतो. जादूगाराने पेटीपुढे लावलेला तो पडदा. पावसात बाईने डोक्यावर घेतलेलं पोतं, तो आडोसा. दोन्ही ओढायला सारखेच सोपे. ओढायच्या आधी मागे कोण आहे आणि कुणापासून लपलंय, ते बघायला नको का?

महानुभावांवरचा लेख नेमका इथेच घसरलाय. सकळ लिपी, म्हणजे तीच गुप्त लिपी, चौदाव्या शतकातली हे बरोबर. पंथीयांनी आपल्या पोथ्या तिच्यात लिहिल्या आणि बाहेरच्यांना त्या कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत हेही बरोबर. पण तू शीर्षक दिलंस ‘शापित लिपी’ आणि वर कवटी काढलीस. शाप कसला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा आत काय निघालं? म्हाइंभटाचं लीळाचरित्र, आपल्या मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, बायका-शूद्रांशी कसे बोलले, सगळं तेराव्या शतकातल्या बोलीत. पोथी वाचता येत नाही म्हटल्यावर आत काहीतरी वंगाळच असणार, असं धरून लोकांनी या पंथाला शतकानुशतकं नावं ठेवली. तू २०-२१ वर्षांची, मराठीची विद्यार्थिनी, आणि तूही कवटीच काढलीस.

आणि हा पंथ संपलेला नाही. फलटण तुला लांब नाही. पंथ ज्यांना अवतार मानतो त्या चक्रपाणींचं जन्मस्थान तिथे आहे, जाऊन ये. समोरचा ‘दंडवत प्रणाम’ म्हणेल, तूही म्हण. मग लिपीबद्दल विचार. प्लँचेट आणि क्रिस्टलच्या मधल्या पानात, कवटीखाली आपली श्रद्धा छापलेली बघून त्यांना काय वाटेल, तेही विचार. रागावणार नाहीत कदाचित. चहा देतील आणि चुका सांगतील, आणि तो दुसऱ्या अंकाचा लेख होईल.

आता मलपृष्ठ. इथे मी आवाज चढवणार आहे.

मैत्रिणीची जाहिरात मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘पाळीच्या तक्रारी, नैराश्य, परीक्षेची भीती – क्रिस्टलने कायमचा उपाय, एका बैठकीचे २५१ रुपये.’ आपल्या देशात १९५४ पासून औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दल कायदा आहे. ताईत, मंत्र, कवच किंवा चमत्कारी गुण असल्याचं सांगितलेली तसली कुठलीही चीज त्याच्या व्याख्येत बसते. स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा तर त्यात नाव घेऊन मना केलाय. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तो कायदा जाहिरात देणाऱ्यापाशी थांबत नाही, ती छापण्यात भाग घेणाऱ्यालाही धरतो. म्हणजे तुला. कायद्याने काही होऊ शकतं का, असं तू प्राचार्यांच्या भीतीने विचारलंस. होऊ शकतं ते या चौकोनामुळे, कवटीमुळे नाही.

कायदा सोड. दर महिन्याला पोटात दुखून लोळणारी फर्स्ट इयरची मुलगी तुझा अंक घेते, तुझ्या नावावर विश्वास ठेवते आणि डॉक्टरकडे जायचे २५१ रुपये दगडावर घालते. माझ्या लेखी या अंकातली एकमेव अघोरी गोष्ट ही आहे.

‘पण अर्धा खर्च तिने दिला.’ बस, हिशेब करू. २४ पानं म्हणजे ए-फोरचे ६ ताव, पाठपोट. तावाला २ रुपये धरले तर १२. जाड कव्हरचे ३. अंक पडला १५ रुपयांना, ६० अंकांचे झाले ९००. ४३ प्रती विकून तुमच्याकडे आले ८६०. जाहिरात नसती तर आज तुम्ही ४० रुपये तोट्यात असता आणि १७ प्रती हातात असत्या. चाळीस रुपयांसाठी तुम्ही मलपृष्ठ विकलंत. आमचा सायक्लोस्टाइलवाला यापेक्षा जास्त उधारी ठेवायचा.

मैत्रिणीला काढू मात्र नकोस. जाहिरात काढ, तिला लेख लिहायला लाव. टॅरोवरच्या तुमच्या मजकुरात ‘प्राचीन इजिप्तचं ज्ञान’ आलंय, तेही तिलाच दुरुस्त करू दे. ते पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळायला काढलेले. त्यांवरून भविष्य सांगायची टूम फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि इजिप्तची गोष्ट कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने १७८१ साली छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणाला वाचतासुद्धा येत नव्हती, त्यामुळे हवं ते तिच्यावर ढकलायची सोय होती. हे सगळं माहीत असूनही तिला पत्ते मांडून मैत्रिणींशी बोलायला आवडत असेल, तर तसं लिहावं. समोरची मुलगी पत्त्यांकडे बघत मनातलं कशी बोलून जाते, हे तिने शंभरदा पाहिलं असेल. तो लेख मी वाचीन. २५१ रुपये देणार नाही.

मित्राच्या चौकटीबद्दल. आधी त्याची चेष्टा करू नकोस. पत्रात तू त्याला ‘आमचे विवेकवादी महाराज’ म्हटलंयस, ते मी वर छापलं नाही. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर, सकाळी फिरायला निघालेले असताना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते, त्याचा वटहुकूम त्यानंतर आठवड्याभरात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला.  त्याच्या चिडण्यामागे हे आहे.

पण चौकट चुकीचीच. ‘हे सगळं थोतांड आहे’ ही ओळ लेखाखाली टाकली की ज्याचा विश्वास आहे तो ती वाचत नाही आणि ज्याचा नाही तो लेखच वाचत नाही. महानुभावांखाली ती चौकट टाकणार? तो धर्म आहे, थोतांड कसं म्हणशील? मग चौकट कुठे टाकायची आणि कुठे नाही हे ठरवायला चौघे बसाल आणि अंक पुढच्या दिवाळीला निघेल. त्या २०१३च्या कायद्यालाही हा फरक करावाच लागला. वारी, कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, दिवंगत संतांच्या चमत्कारांचं साहित्य हे त्याने बाहेर ठेवलं. आत घेतलं ते दहशत, फसवणूक, मारहाण, नरबळी, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, संचार झाल्याचं भासवून लोकांना भीती घालणं. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आणि दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. म्हणजे कायदा विचारतो की तू कुणाला घाबरवलंस का, लुटलंस का, औषध बंद केलंस का. तुझी आत्या तर तापलेल्या पोराला दवाखान्यात पिटाळते. हे त्या मित्रालाही दाखव. आणि तू तेराव्या पानावर छापलेली ती ओळ एखाद्या खवचट माणसाच्या हातात पडली तर तिचा कसा वापर होईल, तेही त्यालाच विचार. त्याला कळेल.

त्याला चौकट देऊ नकोस, पानं दे. प्लँचेटवरचा तुमचा लेख म्हणजे नुसती होस्टेलची गप्प. खोली नंबर अमुक, उलटी वाटी, मेणबत्ती, वाटी सरकली, एक जण रडली. पुढे? १८५३ साली लंडनमध्ये हेच टेबलांवर चाललं होतं. माणसं टेबलाभोवती हात ठेवून बसायची आणि टेबल फिरायचं. विजेवर काम करणारा मायकेल फॅरडे, त्याने पुठ्ठ्याचे तुकडे मऊसर डिंकाने एकावर एक चिकटवले आणि ते हातांखाली ठेवले. टेबल आपणहून सरकत असेल तर खालचा पुठ्ठा आधी जायला हवा. वरचा आधी गेला. म्हणजे हात टेबलाला ढकलत होते. गंमत पुढेच आहे. बसलेली माणसं लबाड आहेत असं फॅरडे म्हणाला नाही. ती प्रामाणिक होती, आपण ढकलतोय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

मित्राला सांग, होस्टेलवर वाटीला बसणाऱ्यांचे डोळे बांध आणि अक्षरांचा कागद गुपचूप अर्धा फिरव. काय शब्द येतात ते छाप. मात्र त्या महिन्यात घरातलं कुणी गेलंय अशी मुलगी त्या खेळात घेऊ नका. तिचे डोळे बांधून गंमत बघणं मला चालणार नाही.

आणि फॅरडेचं वाचताना आत्याला आठव. ‘येतं’ आणि ‘आणते’ यांच्या मधे बरीच जागा आहे, आणि तिथे नेमकं काय घडतं हे तिलाही नीट सांगता येईल असं नाही. तू ती जागा एका ओळीत उडवलीस. वाचणाऱ्याला ढोंग एवढंच दिसलं.

ब्लाव्हाट्स्कीबाईंवरचा लेख पुन्हा लिहावा लागेल. बाई आणि त्यांचे सहकारी कर्नल ऑलकॉट १८७९ साली मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, त्याच वर्षी ऑक्टोबरात इथून ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केलं, मग १८८२च्या अखेरीला मद्रासजवळच्या अड्यारला गेले. एवढं तुम्ही नीट दिलंत. बाईंच्या अदृश्य गुरूंकडून म्हणे हवेतून पडणारी पत्रंही भक्तिभावाने दिलीत. पण घरकाम बघणाऱ्या कूलोम बाईंनी ती पत्रं कशी पडतात ते बाहेर सांगितलं, असल्या गूढ दाव्यांची तपासणी करणाऱ्या लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने माणूस पाठवून चौकशी केली आणि १८८५च्या अहवालात बाईंना लबाड ठरवलं, यातलं अक्षर नाही. पुढे १९८६ साली त्याच सोसायटीच्या नियतकालिकात त्या चौकशीच्या उणिवा दाखवणारा लेख आला, तोही नाही. हा पडदा होता, आडोसा नव्हता. तिथे तुम्ही हात आखडला आणि आत्याच्या घरी सढळ सोडलात.

राहिले प्राचार्य. कव्हरवर कॉलेजचं नाव आणि बोधचिन्ह आहे. ते असेपर्यंत अंक आधी बघायला मागण्याचा त्यांना हक्क आहे, मला तो आवडो न आवडो. नाव आणि चिन्ह काढा, गेटाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर अंक ठेवा, मग तो फक्त तुमचा. धार्मिक भावना दुखावण्याचं जे कलम ते दाखवतात, भारतीय न्याय संहितेतलं २९९, त्यात जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने अपमान केल्याचं सिद्ध व्हावं लागतं. तुमच्यात द्वेष नाही, भाबडेपणा आहे. पण कवटी काढाच, कारण तक्रार करणारा कलम वाचून करत नाही.

त्यांना खरं टोचलं असेल ते ड्रुइडांचं, असा माझा संशय आहे. मिनेसोटातल्या त्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना उपासनेला हजेरी सक्तीची होती, कुठल्याही धर्माची चालेल अशी सूट होती, म्हणून १९६३ साली काही पोरांनी स्वतःचाच ड्रुइड पंथ काढला आणि टेकडीवर झाडाखाली हजेरी लावली. वर्षभरात सक्ती गेली. ज्यांच्याकडे ७५ टक्के हजेरीची यादी नोटीस बोर्डावर लागते त्यांनी हे वाचून हसावं अशी अपेक्षा करू नये. तुम्ही लेख सक्ती गेली तिथे, टाळ्यांवर संपवलात. त्यानंतरचं जास्त गमतीचं आहे. सक्ती गेल्यावरही पंथ गेला नाही. थट्टेत सुरू केलेल्या त्या झाडाखाली पुढची पोरं खरोखरच येऊन बसायला लागली, आणि काढणाऱ्यांना आता याचं काय करावं ते कळेना. अंक काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं. तुम्ही मजेत छापता, कुणीतरी ते मनापासून वाचतं.

तर दुसरा अंक काढ. पण आधी गावाला जा. देवीच्या वारी जाऊ नकोस, माणसं असतील. सकाळच्या गाडीने जा, मामा कामावर गेल्यावर पोच. अंकातली बाजू समजावून सांगू नकोस, नाव बदललं होतं हे तर अजिबात बोलू नकोस. ती बोलली नाही तर भांडी घास. पुढच्या अंकात माफीनामा छापायचा बेत असेल तर तो सोडून दे. ज्यांना अजून माहीत नाही त्यांनाही कळेल.

ती एक गोष्ट मागेल असा माझा अंदाज आहे. गावात सांग म्हणेल, की ती शेवटची ओळ तू मनाने लिहिलीस. तुला हे जड जाईल, कारण ओळ खरी होती आणि तुझी होती. माझं मत विचारशील तर सांग. ग्रुपवर, स्वतःच्या नावाने, ‘शेवटची ओळ मी रचली होती’ एवढंच. संपादक म्हणून पत जाईल, तो मित्रही चिडेल आणि खोटं का बोललीस म्हणेल. त्याला मला पत्र लिहायला सांग. मात्र तिने मागितलं तरच. तिच्या वतीने परस्पर काही करायची खोड एकदा झाली तेवढी पुरे.

उरलेल्या १७ प्रतींचं सांगते. २४ पानी अंकात ११ ते १४ ही पानं मधल्या एकाच तावावर येतात. तुझा लेख ११ ते १३ आहे, म्हणजे पिना उघडून तो एक ताव काढला की झालं, बाकीच्या अंकाला धक्का नाही. पिना चाकूने उचकटू नकोस, कागद फाटतो, नखाने सरळ कर. १४वर प्लँचेटची सुरुवात आहे, ती त्यासोबत जाईल. जाऊ दे, फॅरडेसकट नव्याने लिहायचीच आहे. विकलेल्या ४३पैकी जेवढ्या ओळखीच्यांकडे असतील तेवढ्या मागून आण, २० रुपये परत दे. आणि काढलेले ताव रद्दीत घालू नकोस. रद्दीचा कागद वाण्याकडे जातो, आणि वाणी त्यात शेंगदाणे बांधून देतो.

– ताई